रिपोर्ट नॉर्मल, तरी फिट का येते?

कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या घरांतून हा प्रश्न मला नेहमी येतो. एमआरआय नॉर्मल, ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) नॉर्मल, मग फिट येतेच कशी? गाठ मेंदूत गेली असेल आणि डॉक्टर लपवत असतील का?

सोलापुरातल्या विडी घरकुलच्या बाजूला राहणाऱ्या एका मावशींबद्दल सांगते. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. स्तनाचं ऑपरेशन झालेलं, केमो चालू. घरी कडक भाकरी करून विकायचा व्यवसाय. दुसऱ्या केमोनंतर एकदा पीठ मळता मळता त्यांचा डावा हात झटके द्यायला लागला, मग सगळं अंग ताठ झालं. जावेनं नाकाला कांदा लावला, शेजारणीनं दातांत चमचा घालायला घेतला. एकजण म्हणाली, अंगात आलंय.

मेंदूत गाठ नव्हती. सोडियम, कॅल्शियम, साखर, सगळं ठीक. पाठीतलं पाणीही तपासलं. कारण सापडलं नाही. डॉक्टरांनी फिटची गोळी सुरू केली.

माझ्यासमोर बसल्यावर मावशी म्हणाल्या, "कॅन्सरचं कसंय मॅडम, केमोची तारीख ठरलेली असती. त्या दिवसाची तयारी करता येती. ह्याचं काय? कधी येऊन पाडंल सांगता येत नाही. आणि वर घरचे म्हणतात, रिपोर्टमधी काही नाही, तू मनाला लावून घेतीस."

हे शेवटचं वाक्य मला फार लागतं. साधा ईईजी जेमतेम अर्ध्या तासाचा असतो. त्या अर्ध्या तासात मेंदू शांत असेल तर कागदावर काहीच उमटत नाही. अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, असलेल्या पुष्कळ जणांचा ईईजी नॉर्मल येतो. केमोच्या काळात जंतुसंसर्ग, क्षारांची घसरण, एखादं औषध, कितीतरी गोष्टींनी झटके येऊ शकतात. कधी शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते. आणि काही झटके मेंदूतल्या विजेच्या गडबडीशिवाय, मनावरच्या ताणातूनही येतात. ते व्हिडिओ ईईजीत, म्हणजे झटक्याचं चित्रीकरण आणि ईईजी एकाच वेळी करून, ओळखता येतात, त्यांच्यावर वेगळे उपचार आहेत. पण तेही खरेच असतात, माणूस ते मुद्दाम करत नाही. मावशींच्या नवऱ्याला हे मी दोनदा समजावलं, कारण पहिल्यांदा ते मान हलवत होते पण ऐकत नव्हते.

मुलीला एकच काम दिलं: फिट आली की मोबाईलवर चित्रीकरण आणि वहीत नोंद. किती वाजता, किती मिनिटं, आधी काय चाललं होतं, डोळे उघडे की मिटलेले, आदल्या रात्रीची झोप, गोळी चुकली का. दोन महिन्यांत त्या वहीत दिसलं की बहुतेक फिट झोप न झालेल्या रात्रीनंतरच्या सकाळी येतात. कारण अजून कळलेलं नाही, पण धरायला काहीतरी मिळालं. मेंदूच्या डॉक्टरांनी व्हिडिओ पाहूनच पुढची दिशा ठरवली.

वहीत आणखी एक गोष्ट निघाली. गोळी सुरू झाल्यापासून मावशी खेकसायला लागल्या होत्या. घरच्यांना वाटलं, आजारानं स्वभाव गेला. लेव्हेटिरासिटॅम या गोळीनं काही जणांची चिडचिड वाढते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांच्या कानावर घातलं, त्यांनी डोस बदलला. गोळी मनानं बंद मात्र करायची नाही, त्यानं जोरात फिट येऊ शकते. फिटच्या गोळ्यांची यादी कॅन्सरच्या डॉक्टरांनाही दाखवायची, कारण फेनिटॉइनसारख्या काही गोळ्या काही केमोच्या औषधांचा असर कमी करतात.

खरी भांडणं मात्र न्हाणीच्या कडीवरून होती. नवरा कडी लावू देईना. "ह्या वयात दार उघडं टाकून अंघोळ करू का?" मावशी रडल्या. तोडगा मुलीनं काढला: कडी नाही, दार लोटलेलं, बाहेर टॉवेल अडकवला की कोणी ढकलायचं नाही, आणि मावशी आत खाली बसून बादलीनं अंघोळ करणार. चुलीचंही तसंच. घरच्यांनी त्यांना भाकरीपासूनच तोडलं होतं. मी म्हटलं, धोका तव्याशी आहे, पिठाशी नाही. आता मावशी जमिनीवर बसून थापतात, जाऊ तव्यावर टाकते. गिऱ्हाईक परत आलंय.

फिट आली तर काय, ते सगळ्यांकडून करून घेतलं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूचं टणक सामान बाजूला, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली, शुद्धीवर न येता दुसरी आली, किंवा ताप असेल तर थेट दवाखाना. कांदा, चप्पल यांचा उपयोग नाही.

फिट अजून येतात, अधूनमधून. कोजागिरीला मावशी दरवर्षी सोलापूरहून तुळजापूरला चालत जायच्या. यंदा विचारत होत्या. रात्रभरचं जागरण त्यांच्या फिटला आयतं निमंत्रण, आणि केमोत पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्गाची भीती, म्हणून ती गर्दीही नको. मुलगी त्यांच्या वतीनं चालणार आहे. मावशींनी गर्दी ओसरल्यावर एसटीनं जायचं, पण आधी डॉक्टरांना विचारून, असं ठरलंय. मावशी अजून पूर्ण राजी नाहीत.