ला पाझमधला एक दिवस: चढ केबल कारने, उतार पायांनी

प्रश्न: पेरूमधल्या लिमाहून संध्याकाळच्या विमानाने बोलिव्हियातल्या ला पाझला पोहोचणार आहोत. मध्ये एकच पूर्ण दिवस आहे आणि सोबत 64 वर्षांची आई आहे. उंचीचा त्रास टाळून शहर कसं पाहावं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: लिमा समुद्रकाठी आहे आणि ला पाझचा विमानतळ एल आल्तोच्या पठारावर, सुमारे 4,060 मीटरवर. शरीराला जुळवून घ्यायला मधे वेळच मिळत नाही. म्हणून रात्रीचा मुक्काम शहराच्या मध्यभागी (सुमारे 3,600 मीटर) न करता सोना सुर या दक्षिणेकडच्या, आणखी खालच्या भागात करा. तिथे झोप बरी लागते. जेवण हलकं घ्या, दारू नको. आईंना हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असेल तर तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना विचारा. उंचीच्या त्रासावरची अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी साधारण आदल्या दिवशी सुरू करतात, पण सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ती परस्पर घेऊ नये.

सकाळी डोकं दुखत नसेल तर सोना सुरमधल्या केबल कारच्या इर्पावी स्थानकावरून निघा. हिरव्या लाइनने लिबेर्तादोर, तिथून पिवळ्या लाइनने वर एल आल्तो, मग पठाराच्या कडेने जाणारी चंदेरी लाइन आणि शेवटी लाल लाइनने खाली सेंत्राल स्थानक. पूर्ण चढ बसल्या बसल्या होतो. 2014 मध्ये सुरू झालेली ही केबल कार तिथल्या लोकांची रोजची वाहतूक आहे, त्यामुळे ऑफिसच्या वेळेत रांगा लागतात, नऊनंतर निघा. पहिल्या लाइनचं भाडं 3 बोलिव्हियानो, पुढच्या प्रत्येक लाइनला 2. मात्र ही सवलत हवी असेल तर पहिल्याच खिडकीवर चारही लाइन सांगून तिकीट घ्यावं लागतं. नाहीतर प्रत्येक ठिकाणी पुन्हा रांग आणि पुन्हा 3. सुटे पैसे जवळ ठेवा. डिसेंबर ते मार्चमध्ये दुपारनंतर वादळ आलं, विजा चमकू लागल्या की केबिन थांबवतात, म्हणून हा भाग सकाळीच उरका.

लाल लाइन शहराच्या मोठ्या स्मशानभूमीवरून जाते. थरावर थर रचलेले कोनाडे, काचेमागे फुलं, मधल्या गल्ल्यांतून फिरणारी माणसं. ला पाझमध्ये मेलेल्यांची विचारपूस किती नेमाने होते, ते इथे दिसतं. गुरुवार किंवा रविवार असेल तर 16 दे खुलियो स्थानकाभोवतीचा अफाट बाजार वरूनच पाहा. पहिल्या दिवशी 4,100 मीटरवरच्या गर्दीत आईंना चालवू नका.

सेंत्रालहून टॅक्सीने खाएन गल्लीत उतरा. वसाहतकाळातली रंगीत घरं आणि त्यांतली छोटी संग्रहालयं पाहण्यासारखी आहेत, पण सोमवार टाळा. तिथून उतरत मुरिय्यो चौक. संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ 2014 पासून उलटं फिरतं: दक्षिण गोलार्धात छायायंत्राची सावली त्याच दिशेने सरकते. आणखी खाली सान फ्रान्सिस्को चर्च. दगडी दर्शनी भागाला घाईने मागे टाकू नका. वेली, फळं, पक्षी, मुखवटे यांत स्थानिक कारागिरांचा हात स्पष्ट दिसतो.

सकाळीच डोकं ठणकत असेल तर पिवळी लाइन सोडा. लिबेर्तादोरहून आकाशी लाइनने प्रादो हा मध्यवर्ती रस्ता गाठा आणि तेवढाच भाग बघा. बसल्या जागी धाप लागणं, तोल जाणं, बोलणं असंबद्ध होणं ही थांबून बघण्याची लक्षणं नव्हेत. लगेच खाली उतरा आणि दवाखाना गाठा.

प्रश्न: आम्ही शाकाहारी आहोत. काय खाता येईल? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ‘प्लातो पासेन्यो’ मागवा: मक्याचं कणीस, उकडलेली बाकला, बटाटा आणि तळलेलं चीज. काही ठिकाणी वर मांस ठेवतात, तेवढं नको सांगा. नुसतं ‘सिन कार्ने’ म्हटलं तर कोंबडी येऊ शकते. ‘सिन कार्ने, सिन पोय्यो, सिन पेस्कादो’ (मांस, कोंबडी, मासे नकोत) म्हणा. किन्वाचं सूप भाज्यांचं दिसलं तरी पाणी बहुधा मांसाचंच असतं. सकाळी मिळणारी रसदार साल्तेन्या (सारण भरून भाजलेली करंजी) भाज्यांची असली तरी विचारून घ्या, कारण आतला रस भरताना घट्ट राहावा म्हणून त्यात जिलेटिन घालतात. जांभळ्या मक्याचं गरम ‘आपी’ आणि चीज भरलेली तळलेली पास्तेल ही थंड सकाळची उत्तम न्याहारी. टोमॅटो, लोकोतो मिरची आणि किर्किन्या हा पाला दगडावर वाटून केलेली ‘य्याखुआ’ आपल्या ठेच्याची आठवण करून देईल.

प्रश्न: जादूटोण्याच्या बाजारात फोटो काढावेत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: विचारल्याशिवाय नाही. लिनारेस आणि सागार्नागा गल्ल्यांतली ती दुकानं आयमारा या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या पूजासाहित्याची आहेत. रंगीत लोकर, साखरेच्या वड्या, लामाची चरबी असं सगळं मांडून पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, अर्पण करतात, ऑगस्टमध्ये विशेष. लामाचे वाळवलेले गर्भ नव्या घराच्या पायात पुरतात. आधी काहीतरी विकत घ्या, मग परवानगी मागा. नकार आला तर कॅमेरा बंद.

प्रश्न: परत येताना काय सांभाळावं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: दोन गोष्टी. भारत सरकारच्या यादीत बोलिव्हिया आणि पेरू पीतज्वराचे (यलो फीवरचे) देश आहेत. निघाल्यापासून 6 दिवसांच्या आत भारतात उतरताना लसीचं प्रमाणपत्र नसेल तर विलगीकरणात ठेवतात. ते लस घेतल्यावर 10 दिवसांनी ग्राह्य धरतात. साठीनंतर या लसीचा धोका वाढतो, म्हणून ज्येष्ठांनी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. दुसरं, कोकाचा (ज्याच्या पानांपासून कोकेन बनतं त्या झुडपाचा) चहा तिथे खुशाल प्या, पण त्याची पानं किंवा पुड्या सामानात एकही नको: भारतात ती बाळगणं गुन्हा आहे.