मावशीला विचारा : विलायतेतल्या नाताळाचे ताट

यंदाच्या टपालात बरीच पत्रे एकाच काळजीची आहेत. कुणाची लेक स्विंडनला, कुणाचा भाचा साउथॉलला, कुणाचा मुलगा-सून वेम्बलीला. विलायतेत गेलेल्या आपल्या माणसांचा तिथला पहिला नाताळ आला, की इकडे गोव्यात आयांच्या जिवाला घोर लागतो. नाताळ आपल्याला नवा नाही. शेजारच्या घरातून दोदोल-नेवऱ्यांचे ताट आले नाही, असा डिसेंबर फोंड्यात मला आठवत नाही. पण तिथले ताट निराळे. यजमानांच्या नोकरीमुळे मी काही वर्षे लीड्सला संसार केला आणि शेजारच्या यॉर्कशायरच्या आजींच्या स्वयंपाकघरात बसून हे पदार्थ शिकले. त्या भरवशावर उत्तरे देते.

मावशी, लेक लग्न होऊन स्विंडनला गेली. शेजारच्या इंग्रज बाईंनी तिला वाडग्यात बांधलेले ख्रिसमस पुडिंग दिले आणि नाताळाशिवाय उघडू नकोस म्हणाल्या. महिनाभर ठेवलेले शिजवलेले अन्न नासत नाही का? आणि आम्ही मांस-मासे खात नाही. त्यात तसले काही नसेल ना?
– एक आई, म्हापसा

ताई, नासायची भीती सोडा. ते पुडिंग मुद्दामच आधी करून मुरवत ठेवतात. नाताळाच्या आधी चार रविवारांचा आगमनकाळ असतो. त्याच्याही आदल्या रविवारी पुडिंग ढवळायचे, असा तिथला रिवाज. त्या दिवसाला ‘स्टर-अप संडे’ म्हणतात. हे नाव चर्चमधल्या त्या दिवसाच्या प्रार्थनेच्या पहिल्या शब्दांवरून पडले आणि ती प्रार्थना 1549 च्या प्रार्थनापुस्तकापासून चालत आली आहे. घरातल्या लहानथोर सगळ्यांनी एकेकदा डाव फिरवायचा, तोही पूर्वेकडून पश्चिमेकडे, कारण बाळ येशूच्या दर्शनाला आलेले ज्ञानी पुरुष पूर्वेकडून आले होते. फिरवताना मनात एक इच्छा धरायची आणि ती कुणाला सांगायची नाही. पूर्वी मिश्रणात चांदीचे नाणेही टाकत. ज्याच्या वाट्याला ते येईल त्याचे वर्ष चांगले जाणार. अजून काही घरांत टाकतात, म्हणून लेकीला पहिला घास जपून चावायला सांगा.

टिकते ते त्यातल्या जिनसांमुळे. मनुका, बेदाणे, काळे बारीक करंट्स, साखरेत पाकवलेली संत्र्याची साल, गडद साखर, ब्रँडी किंवा काळी बिअर. एवढी साखर ओलाव्याला धरून ठेवते, मद्य तिच्या मदतीला येते आणि वर पाच-सहा तास, कुठे आठ तासही वाफ दिलेली असते. मोरावळा टिकतो त्याच न्यायाने हे टिकते. थंड, कोरड्या कपाटात ठेवले की दिवसागणिक चव मुरत जाते.

आजी पुडिंगचे भांडे कसे बांधत ते मी अगदी जवळून पाहिले आहे. चिनी मातीचा वाडगा, त्यावर लोणी लावलेला कागद, पण ताणून नाही. मधोमध बोटभर रुंदीची चुणी घातलेला. शिजताना पुडिंग फुगते, तेव्हा ती चुणी उलगडून जागा देते. काठाखाली सुतळीचे दोन वेढे, घट्ट गाठ, आणि त्याच सुतळीचा वरून आडवा फास, म्हणजे उकळत्या पातेल्यातून वाडगा उचलायला कडी तयार. हे सगळे त्या बोलता बोलता करत. इतकी तयार हाताची माणसे आता तिथेही कमी होत चालली आहेत, बहुतेक घरी पुडिंग दुकानातूनच येते. म्हणूनच कुणी स्वतः केलेले पुडिंग लेकीला दिले असेल, तर ती मोठी माया समजा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. जुन्या रीतीच्या पुडिंगात सुएट असते, म्हणजे गाय-बैलाच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी. अंडीही असतात. पण वनस्पती तेलापासून केलेले सुएट तिथे कुठल्याही वाणसामानाच्या दुकानात मिळते आणि पुष्कळ जणी आज तेच वापरतात. दुकानातले पुडिंग असेल तर वेष्टनावर ‘व्हेजिटेरियन’ लिहिले आहे का ते पाहायचे. घरचे असेल तर सरळ विचारायचे, ‘सुएट कुठले घातले?’ तिथे असे विचारण्यात कुणाला गैर वाटत नाही. जेवायला बोलावणारी माणसे स्वतःहूनच विचारतात, काय चालत नाही म्हणून. चरबीचे निघाले, तर ‘आमच्या घरी चालत नाही’ असे गोडीत सांगून ते दुसऱ्या शेजाऱ्यांना द्यावे. गप्प राहून कचऱ्यात टाकू नये. त्यात एका बाईचा अख्खा रविवार गेलेला असतो.

चालणारे निघाले, तर त्या दिवशी वाडगा दोनेक तास वाफेवर ठेवायचा, ताटात उपडा करायचा, पळीत किंचित गरम केलेली ब्रँडी वर ओतून दिवे घालवायचे आणि काडी लावायची. निळी ज्योत क्षणभर सगळ्या पुडिंगभर फिरते. लहान मुले त्यासाठीच जागची हलत नाहीत. केस आणि ओढणी मात्र लांब ठेवा.

मुलाला साहेबाने नाताळाच्या जेवणाला घरी बोलावले आहे. टर्कीच का असते? शाकाहारी माणसाने त्या टेबलावर काय खावे?
– एक वाचक, डिचोली

जेवण रात्री नसते, हे त्याला आधी कळवा. आपल्याकडे मध्यरात्रीची मिसा आणि मग पहाटेपर्यंत जाग. तिथे मोठे जेवण 25 तारखेच्या दुपारी असते. तीन वाजता राजाचे भाषण दूरदर्शनवर लागते, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ. राजाचे हे नाताळचे भाषण पाचव्या जॉर्जने 1932 मध्ये रेडिओवरून सुरू केले. कुणी त्याच्या आधी जेवते, कुणी नंतर.

टर्की अमेरिकेतला पक्षी, इंग्लंडात सोळाव्या शतकात आला. पुढे नॉरफोक परगण्यातून टर्कींचे कळप लंडनपर्यंत पायी हाकत आणत. पण सामान्य घरात कितीतरी पिढ्या नाताळाला हंस (गूज) शिजत होता. कामकरी माणसे ‘गूज क्लब’मध्ये दर आठवड्याला थोडे थोडे पैसे भरून डिसेंबरला हंस घेत. टर्की घरोघरी पोचली ती विसाव्या शतकात.

शाकाहारी माणसाची खरी अडचण टर्की नाही, ती डोळ्यांना दिसते. न दिसणारे सांगते. भाजलेले बटाटे दिसतात साधे, पण पुष्कळदा हंसाच्या चरबीत भाजलेले असतात. ग्रेव्ही मांसाच्या रसाची. ‘स्टफिंग’ कांदा आणि सेजच्या पानांचे असले तरी त्यात सॉसेजचे मांस असू शकते. ‘पिग्ज इन ब्लँकेट्स’ म्हणजे बेकनमध्ये, डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्टीत, गुंडाळलेले छोटे सॉसेज. निर्धास्त घ्यावे ते ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे लिंबाएवढे कोबीचे गड्डे (त्यातही बेकन नाही ना ते पाहून), गाजरे, मधात भाजलेले पार्सनिप (पांढऱ्या गाजरासारखे कंद), क्रॅनबेरी सॉस आणि दुधात पाव शिजवून, लवंगा टोचलेल्या कांद्याचा स्वाद दिलेले ब्रेड सॉस. आधी कळवले तर यजमान बहुधा ‘नट रोस्ट’ करतात, म्हणजे अक्रोड-काजू, पावाचा चुरा आणि भाज्यांची भाजलेली वडी. मला ती टर्कीहून चांगली वाटते, आणि हे मी मासे-मटण खाणारी बाई सांगते आहे.

ताटाशेजारी रंगीत कागदाची नळी असेल. ती क्रॅकर. दोघांनी दोन टोके ओढायची, फट् आवाज होतो आणि आतून कागदी मुकुट, बारीकशी वस्तू आणि एक कोडे निघते. लंडनच्या टॉम स्मिथ नावाच्या मिठाईवाल्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ती काढली. मुकुट डोक्यावर घालायचाच. आजोबा, साहेब, सगळे घालतात.

मिन्स पायमध्ये खिमा असतो का?
– एक विद्यार्थिनी, पेडणे

एके काळी असे. मांस, सुका मेवा आणि मसाले एकत्र. आता मनुका, सफरचंद, साल, मसाले, ब्रँडी आणि सुएट एवढेच. सुएटचे वर सांगितले तेच इथेही पाहायचे. इंग्लंडात मिन्स पाय खाण्यावर कायद्याने बंदी होती, अशी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. संसदेने 1647 मध्ये नाताळाचा सणच रद्द केला होता, तो राजेशाही परतल्यावर 1660 मध्ये पुन्हा मोकळा झाला, हे खरे. पण त्या हुकुमात मिन्स पायचा उल्लेख नाही. 24 च्या रात्री मुले फादर ख्रिसमससाठी एक मिन्स पाय, शेरीचा पेला आणि त्याच्या रेनडिअरसाठी गाजर ठेवतात.

आपल्याकडे बेबिंका, दोदोल, कुलकुल, पेराद. इंग्रजांच्या नाताळात यातले काहीच कसे नाही? धर्म तर एकच.
– एक शिक्षक, मडगाव

गुरुजी, सण देवळात ठरतो आणि पदार्थ परसात. आपल्या नाताळात माड आहे. बेबिंकात नारळाचे दूध, दोदोलात नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ. शिवाय गोव्याचा नाताळ 1961 पर्यंत लिस्बनशी जोडलेला होता, लंडनशी नाही. इंग्लंडात डिसेंबरात झाडावर काही उरत नाही, चार वाजता अंधार पडतो. म्हणून तिथला सण कपाटातल्या साठ्यावर उभा आहे: सुकी फळे, मसाले, चरबी, मद्य. आणि यातले निम्मे त्यांच्या देशात पिकतही नाही. 1927 मध्ये तिथल्या राजाच्या आचाऱ्याची ‘साम्राज्याच्या पुडिंग’ची कृती सरकारी मंडळाने प्रसिद्ध केली, लोकांनी वसाहतींचा माल घ्यावा म्हणून. मनुका ऑस्ट्रेलियाच्या, दालचिनी सिलोनची, लवंग झांझिबारची, रम जमैकाची, थोडा मसाला हिंदुस्थानचा. सबंध जगाची लूट आणि व्यापार एका वाडग्यात दिसतो. चव आवडली तरी हे विसरू नये, असे मला वाटते.

एक धागा मात्र दोन्हीकडे आहे. आपल्याकडे रेइश मागुश, चांदोर आणि कासावलीला 6 जानेवारीला तीन राजांचे, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या त्याच ज्ञानी पुरुषांचे, फेस्त होते. इंग्लंडात त्याच दिवसांत, नाताळानंतरच्या बाराव्या रात्री, मोठा फळांचा केक कापत. ती चाल मागे पडली आणि तोच केक मार्झिपॅन (बदाम-साखरेचा लगदा) आणि पांढरे आयसिंग लेवून नाताळाचा झाला. यॉर्कशायरमध्ये त्याच्या कापेबरोबर वेन्स्लीडेल चीजचा तुकडा खातात. गोडाबरोबर ते किंचित आंबट, भुसभुशीत चीज फार छान लागते.

ख्रिसमस पुडिंग गोव्यात घरी होईल का?
– एक गृहिणी, साखळी

होईल. सुएट उशिरा वितळते. तोवर भोवतालचे पीठ धरू लागते आणि चरबीच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, म्हणून पुडिंग जड होत नाही. आपण लोणी फ्रीजरमध्ये दगडासारखे करून किसून घालायचे.

काळ्या मनुका आणि बेदाणे मिळून 250 ग्रॅम, तीन मोठे चमचे रम किंवा संत्र्याचा रस घालून रात्रभर भिजवा. फेणी नको, तिच्या वासापुढे मसाला टिकत नाही. सकाळी त्यात पावाचा चुरा 75 ग्रॅम, मैदा 50 ग्रॅम, किसलेला गूळ 100 ग्रॅम, माडाचा काळा मिळाला तर उत्तमच, दोन अंडी, एक किसलेले सफरचंद, एका संत्र्याची किसलेली साल, दालचिनी, लवंग, जायफळ आणि सुंठेची पूड मिळून दीड चमचा, आणि शेवटी किसलेले लोणी 100 ग्रॅम. लोणी लावलेल्या लिटरभर मापाच्या भांड्यात भरा, चुणी घातलेला कागद बांधा आणि झाकणाच्या मोठ्या पातेल्यात, भांडे निम्मे बुडेल एवढ्या पाण्यात, मंद उकळीवर पाच तास ठेवा. पाणी कमी झाले की उकळतेच घाला. आपल्या दमट हवेत हे कपाटात ठेवू नका, बुरशी येईल. फ्रीजमध्ये आठवडाभर मुरवा आणि खायच्या दिवशी पुन्हा दीड-दोन तास वाफ द्या.

लेकीने इंग्रज शेजारणीला परत काय द्यावे? जाताना आम्ही काय बांधून द्यावे?
– दुसरी एक आई, वाळपई

दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, म्हणून पेढे, माव्याचे काही नको. दोदोल द्या. त्यात तांदळाचे पीठ, गूळ आणि नारळाचे दूध, गाईम्हशीचे दूध नाही, आणि प्रवासात तो चांगला राहतो. मात्र करताना तूप लावू नका, खोबरेल वापरा. डब्यावर काय काय घातले ते इंग्रजीत लिहून चिकटवा आणि काजू घातले असतील तर ते ठळक लिहा. तिथे काजू-शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली माणसे पुष्कळ भेटतात, लेकीने देण्याआधी विचारून घ्यावे. आणि तिला सांगा, 25 तारखेला तिथे मोठी दुकाने बंद असतात आणि आगगाड्याही धावत नाहीत. दूध, पाव, भाजी 24 च्या दुपारीच आणून ठेव म्हणावे.