कृषी सल्ला: सुरंगी लावायची तर रोप की कलम?

प्रश्न (वेंगुर्ले तालुक्यातून): आमची पाऊण एकर वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन आहे. जुन्या सुरंगीखाली उगवलेली रोपे आणून लावावीत का? युरिया दिल्यास फुले लवकर येतील का?

उत्तर: सुरंगी, म्हणजे जिच्या सुवासिक कळ्या वाळवून विकतात ते झाड, जरूर लावा, पण झाडाखालची रोपे नकोत. कोकमाप्रमाणे सुरंगीतही काही झाडे निव्वळ नर, तर काही फळणारी असतात आणि पहिली कळी दिसेपर्यंत रोपावरून काहीच ओळखता येत नाही. कळी किती येईल, वास कसा असेल, हेही झाडागणिक बदलते. बियांपासूनचे झाड फुलायला दहा-पंधरा वर्षे सहज लावते. तेवढी वाट पाहून झाड निरुपयोगी निघाले, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून मृदुकाष्ठ कलमे (रोपाच्या कोवळ्या खोडावर निवडक झाडाची काडी बांधून केलेली) घ्या. ज्या झाडाची कळी व्यापारी दरवर्षी मागून नेतात, त्याच झाडाची काडी वापरा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात कलमांची चौकशी पावसाआधीच करून ठेवा. खुंटासाठी (ज्यावर काडी बांधायची त्या रोपासाठी) बी लावायचे असेल तर ताजेच पिशवीत टोचा. वाळवून ठेवलेले बी रुजत नाही.

युरियाच्या नादी लागू नका. या झाडाची चालच मंद आहे. नुसत्या युरियाने कोवळी फूट येते आणि ती उन्हाळ्यात करपते. त्यापेक्षा 60 सेंमीचा खड्डा चांगली माती आणि कुजलेल्या शेणखताने भरा, दोन झाडांत 8 मीटर अंतर ठेवा. जांभ्या कातळावर पहिली तीन वर्षे उन्हाळी पाणी, गवताचे आच्छादन आणि नारळाच्या झापांचा आडोसा, एवढे सांभाळले की कलम तग धरते. पाऊण एकर सगळे सुरंगीला देऊ नका. बांधाच्या कडेने सुरंगी, मधे काजू लावा, म्हणजे मधली वर्षे उत्पन्न थांबणार नाही.

तुमच्या हद्दीत जुनी झाडे असतील तर ती नव्या लागवडीपेक्षा मोलाची आहेत. सुरंगीची फुले जुन्या फांद्यांवर, शेंड्याच्या पानांमागे फांदीचा जो उघडा भाग असतो तिथे लागतात. फांद्या मोडून कळी काढली की पुढच्या हंगामांचे फूल गेलेच. झाड खंडाने देताना ‘फांदी मोडायची नाही’ ही अट आधी घाला. कळी पहाटे, उमलण्यापूर्वी शिडी लावून हाताने काढा आणि स्वच्छ कापडावर कडक वाळवा. वाळल्यावरही वास टिकतो, त्यामुळे त्याच दिवशी पडेल त्या भावाने विकण्याची गरज नाही.