निवड मागे घेऊ नका, निवडीचं कारण सांगा

प्रश्न : मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून नंतर पोस्ट बेसिक बीएस्सी (डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी) केलं. सांगली जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये असिस्टंट मेट्रन (नर्सिंग प्रमुखांची सहायक) आहे, नोकरी सांभाळून हॉस्पिटल मॅनेजमेंटचं एमबीए करते आहे. आयसीयू इनचार्जच्या जागेसाठी आम्ही बाहेरची सिस्टर घेतली. ती बीएस्सी आहे, व्हेंटिलेटरच्या पेशंटचा अनुभवही आहे. निवड समितीत मी होते. इथेच १४ वर्षं काम केलेल्या जीएनएम सिस्टरना ती जागा हवी होती. आता स्टाफ नव्या इनचार्जला नीट ओव्हर (शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती) देत नाही, ड्यूटी बदलून देत नाही. ती माझ्याच कॉलेजची, मला ज्युनिअर. त्यावरून कुजबुज चालते. ट्रस्टी म्हणतात, वाद नको, नेमणूक मागे घ्या. मॅनेजमेंट मला जमणार नाही असं वाटतं. सोडून नर्सिंग कॉलेजात शिकवायला जाऊ का?

उत्तर : नेमणूक मागे घेऊ नका, आणि ट्रस्टींना तसं स्पष्ट सांगा. ओव्हर अडवून निर्णय फिरवता येतो हे एकदा दिसलं की पुढच्या प्रत्येक भरतीला तेच होईल. शिवाय जी सिस्टर आधीची नोकरी सोडून तुमच्याकडे आली, तिचा यात काय दोष? तिचा प्रोबेशनचा काळ असेलच. तिला काम जमत नसेल तर ते त्या काळात, तिच्या कामावरून ठरू द्या.

पण स्टाफचा राग निराधार आहे असं मला वाटत नाही. निवडीचं कारण सांगताना तुम्ही आधी पदवी लिहिलीत. जीएनएम असो की बीएस्सी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे दोघींची नोंदणी आरएन-आरएम (रजिस्टर्ड नर्स, रजिस्टर्ड मिडवाइफ) अशीच होते. १४ वर्षं नाइट केलेल्या बाईला ‘ती बीएस्सी आहे’ एवढंच कानावर आलं, तर तिला तो अपमानच वाटणार. आयसीयू इनचार्जला काय यायला हवं, ते कामाच्या भाषेत सांगा: व्हेंटिलेटरवरचा पेशंट सांभाळणं, एबीजीचा (रक्तातल्या ऑक्सिजन वगैरेच्या तपासणीचा) रिपोर्ट वाचून वेळेत डॉक्टरांना बोलावणं, इनोट्रोप (हृदयाला बळ देणारं औषध) चालू असलेल्या पेशंटवर लक्ष, क्रॅश कार्टची (तातडीच्या औषध-साधनांच्या ट्रॉलीची) तपासणी, नवीन मुलींना शिकवणं, ड्यूटी लिस्ट लावणं. यात नवी सिस्टर कुठे सरस ठरली आणि ज्येष्ठ सिस्टर कुठे कमी पडल्या, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल, तर निवड बरोबर असूनही ती नीट झालेली नाही, आणि हे तुम्हाला मान्य करावं लागेल.

मुलाखतीच्या वेळी गुण लिहिले होते का? असतील तर ट्रस्टींसमोर ठेवा. नसतील तर आता मागच्या तारखेचा कागद तयार करू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. आजच्या तारखेची टिपणी लिहा: समितीने काय विचारात घेतलं आणि काय लिहायचं राहिलं. नव्या सिस्टरशी तुमची कॉलेजची ओळख आहे, हेही त्याच टिपणीत नोंदवा. एका कॉलेजात असणं हा गुन्हा नाही. महाराष्ट्रात नर्सिंगचं जग लहान आहे, अशा ओळखी निघतातच. पण मुलाखतीआधी समितीला सांगितलं असतं तर कुजबुजीला जागाच उरली नसती. आता मेट्रन मॅडमना आणि ट्रस्टींना लेखी कळवा, आणि त्या सिस्टरचं प्रोबेशनचं मूल्यमापन दुसऱ्या कुणाकडे द्यायला सांगा.

स्टाफ मीटिंग लगेच बोलावू नका. आधी ज्येष्ठ सिस्टरना एकटीने भेटा, शक्यतो त्यांची नाइट नसेल अशा दिवशी. त्यांना सगळ्यांसमोर समजावायला गेलात तर त्या बोलणार नाहीत, त्यांच्या वतीने दुसऱ्याच बोलतील. ‘तुमचाही विचार केला होता’ असं गुळमुळीत बोलू नका. निवड कशावर झाली ते सांगा आणि त्यांना काय हवं ते विचारा. त्यांना पदवी करायची असेल तर पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांचं आहे. तुम्ही स्वतः त्या वाटेने आलात, त्यामुळे खर्च आणि रजा दोन्हीचा अंदाज तुम्हाला आहे. रजेचं किंवा फीचं काही होऊ शकतं का, हे ट्रस्टींना विचारूनच त्यांच्याकडे जा. तुमच्याकडे इन्फेक्शन कंट्रोल नर्सची जागा असेल किंवा होणार असेल, तर जुन्या अनुभवी सिस्टरसाठी ती फार मोलाची आहे, कारण तिथे वॉर्डा-वॉर्डातली माणसं ओळखणारी व्यक्ती लागते. मात्र जे हातात नाही त्याचं आश्वासन देऊ नका. त्या चिडतील, कदाचित रडतीलही. ऐकून घ्या. तुमची बाजू पटवून देण्याची घाई करू नका.

ओव्हरच्या बाबतीत मात्र अजिबात सूट नको. ड्यूटी बदलून न देणं हा रुसवा आहे, तो निवळेल. पण अँटिबायोटिकचा डोस दिला की राहिला, लघवी किती झाली, इन्फ्युजनचा (शिरेतून जाणाऱ्या औषधाचा) रेट कधी बदलला, हे पुढच्या शिफ्टला सांगितलं नाही तर जीव जाऊ शकतो. आयसीयूत ओव्हर पेशंटच्या खाटेपाशीच, ठरलेल्या फॉर्मवर, दोघींच्या सहीने होऊ द्या. सगळ्या शिफ्टना एकच नियम, नव्या इनचार्जलाही. काही सुटलं तर इन्सिडेंट रिपोर्ट भरा, कोणाची तक्रार म्हणून नव्हे, पेशंटसाठी. हे सर्वांना सांगताना तुमचा आवाज ठाम असायला हवा.

आता तुमचा प्रश्न. कॉलेजात शिकवणं हे चांगलं करिअर आहे, पण तिथे असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर एमएस्सी नर्सिंग लागतं, एमबीएवर ते होत नाही. म्हणजे आणखी दोन वर्षं आणि पगारावर पाणी. शिकवायची ओढ असेल तर जरूर जा. या वादाला कंटाळून जात असाल तर थांबा, कारण कॉलेजातही नेमणुका होतात आणि त्यावरून अशीच नाराजी असते. तुमच्या पत्रात शिकवण्याबद्दल एकच ओळ आहे, बाकी सगळं पत्र वॉर्डबद्दल आहे. म्हणून माझं मत, एमबीए पूर्ण करा आणि नव्या सिस्टरचं प्रोबेशन संपेपर्यंत राजीनामा देऊ नका. दरम्यान पुढच्या भरतीसाठी निकष आणि गुणांचा तक्ता तयार करून मेट्रन मॅडमकडून मंजूर करून घ्या, आणि जागा निघाल्यावर तो अर्ज मागवायच्या आधीच नोटीस बोर्डावर लावा.