शताब्दी कोणत्या सालापासून धरायची?

प्रश्न : आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या दारावरील दगडात उर्दू आकड्यांत १३४३ कोरलेले आहे. त्यावरून कार्यकारिणी शताब्दी साजरी करायची म्हणते. साल बरोबर आहे का? – एक वाचक, जि. बीड

उत्तर : आधी सन कोणता ते ठरवा. निजामाच्या राज्यात हिजरी (इस्लामी चांद्र) आणि फसली (महसुली कामाचा) दोन्ही सन चालत. हिजरी १३४३ म्हणजे ऑगस्ट १९२४ ते जुलै १९२५. फसली असेल तर ५९० मिळवायचे, म्हणजे ऑक्टोबर १९३३ ला सुरू झालेले वर्ष. तसे असल्यास शताब्दीला अजून अवकाश आहे. सरकारी कामकाज फसलीत चाले, पण तेवढ्या अंदाजावर मंडप घालू नका. आकड्यापाशी ‘फे’ (ف) हे उर्दू अक्षर असेल तर फसली, ‘हे’ (ھ) नावाचे अक्षर असेल तर हिजरी. महिना कोरलेला असेल तर प्रश्नच मिटला: आजूर, बहमन, तीर, आबान हे फसलीचे; मोहरम, रजब हिजरीचे.

दगड खरवडू नका. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ काढा आणि अंधार पडल्यावर एका बाजूने टॉर्च तिरपा धरून फोटो घ्या. बुजलेली अक्षरे सावलीने उठून दिसतात. उर्दूत शून्य म्हणजे नुसता ठिपका, तो रंगाखाली सहज हरवतो. दोन आणि तीन यांच्यात फरक एका दात्याचा. म्हणून उर्दू लिपी येणाऱ्या जाणकाराकडून वाचून घ्याच.

आणि दगड सांगतो ते इमारतीचे साल. संस्था त्याआधी एखाद्या देवळाच्या ओसरीत किंवा भाड्याच्या वाड्यात चालत असू शकते. त्यासाठी जुनी दाखल नोंदवही (आलेल्या पुस्तकांची), सभांची इतिवृत्ते आणि सर्वांत जुन्या पुस्तकांवरचे शिक्के पाहा. शिक्क्यावर कधीकधी जुना पत्ताही सापडतो. नोंदणी प्रमाणपत्रावर मात्र विसंबू नका. मराठवाडा मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ ला, तेव्हा १९५० च्या मुंबई विश्वस्त कायद्याखालची नोंदणी त्यानंतरचीच असणार. शासनमान्यता तर १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतरची. या कागदांवरून जुने वाचनालय उगाच तरुण ठरते.

प्रश्न : काळ्या दगडाच्या भिंतीच्या दर्जा (दगडांमधले सांधे) सिमेंटने भरून घेतल्या. आता आतून लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) लागतो, कपाटातली पुस्तके दमट होतात. – ग्रंथपाल, जि. परभणी

उत्तर : जुनी भिंत चुन्यातली. तिच्यात शिरलेले पाणी चुन्याच्या दर्जांतून बाहेर सुकून जायचे. सिमेंटने ती वाट बंद केली, म्हणून ओल आत वळली आणि सोबत क्षार घेऊन आली. प्लॅस्टिक पेंट मारून लोणा झाकणे हा सर्वांत वाईट उपाय. वर्षभरात पोपडे सुटतात.

आधी पाण्याचा उगम बंद करा: पन्हळ, गच्चीचा उतार, भिंतीला लागून केलेला सिमेंटचा कोबा. मग छिन्नी-हातोड्याने सिमेंट साधारण एक इंच खोल काढा. ग्राइंडर लावू नका, घडीव दगडाच्या कडा जातात. दर्ज ओली करून एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी (भाजक्या विटांची पूड), दोन भाग चाळलेली वाळू या मिश्रणाने दाबून भरा आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. आपल्याकडच्या मे महिन्यात चुना पकडण्याआधीच सुकतो आणि भुकटी होते. आतला लोणा कोरड्या ब्रशने झाडून उचला. धुतलात तर तो पुन्हा भिंतीत मुरतो. कपाटे भिंतीपासून सहा इंच पुढे ओढा.

प्रश्न : वरच्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) खोलीत जुने ग्रंथ हलवावेत का? – जि. धाराशिव

उत्तर : नाही. ग्रंथ साठवणीच्या खोलीसाठी चौरस मीटरला सुमारे ६०० किलो भार धरतात, राहत्या घराला २००. ती खोली राहण्यासाठी बांधलेली. शिवाय गळती थांबवायला दर काही वर्षांनी वरून पांढरी माती टाकली जाते. एक इंच थराचेच चौरस मीटरला ४० किलो होतात. तुळयांची भिंतीत गेलेली टोके टोकून पाहा. आवाज बद्द आला तर आतून वाळवीने पोखरले आहे. मग आहे ते ओझेही आधी उतरवा.