अठरा वर्षांनंतर पालक कोण?

प्रश्न : माझ्या सतरा वर्षांच्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे. तो अठरा वर्षांचा झाल्यावर त्याच्या कागदपत्रांवर आमची सही चालणार नाही, असे ऐकले. धाकटी मुलगी विचारते, ‘पुढे दादाला मीच सांभाळायचे ना?’ तिला काय सांगू? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, आपण ऐकले ते खरे आहे, मूल सज्ञान होताच आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते. मात्र १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी, जिल्हाधिकारी ज्या समितीचे सदस्य असतात त्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून आपण कायदेशीर पालक म्हणून नियुक्ती मिळवू शकता. नियुक्तीनंतर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. अर्जाची तयारी आतापासूनच करा.

मुलीच्या प्रश्नाला मात्र मी अधिक महत्त्व देते. ‘हो, तूच’ असे तिला म्हणू नका, कारण भावावरील तिची माया खरी असली तरी लहान वयात घेतलेले वचन पुढे तिच्या शिक्षणाच्या आणि लग्नाच्या प्रत्येक निर्णयावर ओझे होऊन बसते. कागदोपत्री व्यवस्था आम्ही करत आहोत, हे तिला स्पष्ट सांगा. आठवड्यातील एक संध्याकाळ, यजमानांनी मुलाजवळ थांबावे आणि आपण केवळ तिच्यासोबत असावे, एवढे नक्की जमवा.