रोजमेळ मालकाचा जुळतो, आपला का नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिता, वय एकतीस, रात्री जेवायला साडेअकरा होतात. पहाटे उठावं, चालावं, रोज दहा पानं वाचावीत, खर्च लिहून ठेवावा, मोबाइल कमी करावा, हे सगळं पाठ आहे. व्हिडिओ बघून झाले, सुविचारांची एक वही भरली. तरी काहीही सुरू केलं की चार दिवस चालतं आणि पाचव्या दिवशी गाडी रुतते. 'माझ्यातच निश्चय कमी आहे का?' असं शेवटी विचारलंय.

मला तसं वाटत नाही. त्याच प्रश्नात तुम्ही सहज एक वाक्य लिहून गेलात, की सात वर्षांत मालकाचा रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, एक दिवसही लिहायचा राहिलेला नाही. ताप असताना लिहिला, घरात लग्न असताना लिहिला. निश्चय नसलेल्या माणसाचं हे काम नव्हे. मालकाच्या हिशेबाला टेबल आहे, वेळ आहे, पेन आहे, आणि गल्ला मोजल्याशिवाय वखारीला कुलूप लागत नाही. तुमच्या स्वतःच्या खर्चाला यातलं काय आहे? 'रात्री जमेल तेव्हा लिहू', एवढंच ना?

माझा धंदा लेथचा, म्हणजे लोखंड गरगर फिरवून कातायच्या मशीनचा. बेळगावात उद्यमबागेत तीन मशीन आहेत. अठराव्या वर्षी हेल्पर म्हणून लागलो तेव्हा मेस्त्रीनं पहिल्या दिवशी सांगितलं, मशीन चालू करायच्या आधी तेल घालायचं. मी मान डोलावली. आठवड्यात तीनदा विसरलो. चौथ्यांदा मेस्त्री चिडला नाही. त्यानं तेलाच्या कॅनला तारेची कडी केली आणि तो कॅन थेट मशीनच्या स्विचच्या दांड्याला अडकवला. आता दांडा ओढायचा तर आधी कॅन काढायला हवा, आणि कॅन हातात आला की चार भोकांत चार थेंब सोडायला किती वेळ लागतो? "डोक्यात ठेवू नको, स्विचवर ठेव," एवढंच तो बोलला. त्यानंतर तेल घालायचं विसरल्याचं मला आठवत नाही.

लेथवर काम पकडून फिरवतो तो चक, त्याच्या चावीचंही तसंच. चावी चकमध्ये राहिली आणि मशीन सुरू झालं तर ती गोळीसारखी सुटते, समोरच्याचा डोळा जाऊ शकतो. यावर आमच्याकडे कुणी भाषण देत नाही. नियम एकच, चावी खुंटीला लागेपर्यंत हातातून सोडायची नाही. मध्येच फोन वाजला तरी चावी हातातच.

हे सगळं माहीत असलेला मी स्वतःच्या तब्येतीच्या बाबतीत मात्र तुमच्यासारखाच निघालो. पन्नाशीत बीपी निघालं, डॉक्टर म्हणाले रोज अर्धा तास चाला. खडे बाजारातून बूट आणले. चार दिवस व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर झाडांखालून ऐटीत फिरलो, पाचव्या दिवशी पाऊस लागला. बेळगावचा पाऊस एकदा लागला की काय, सांगायलाच नको. बूट खोक्यात गेले ते दिवाळीलाच बाहेर आले.

नव्वदच्या दशकात कर्नाटकात एक आवई उठली होती, आमच्या थोरल्या माणसांना आठवत असेल. रात्री भूत येऊन दार वाजवतं म्हणे, म्हणून लोक दारावर कानडीत 'नाळे बा' लिहीत, म्हणजे 'उद्या ये'. भूत ते वाचून परत जायचं आणि दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच वाचायचं. चांगल्या सल्ल्याला आपण याच पाटीवर परत पाठवतो. सल्ला बिचारा रोज येतो.

दिवाळीनंतर मी मेस्त्रीची युक्ती स्वतःवर केली. रात्री वर्कशॉपच्या चाव्यांचा जुडगा उजव्या बुटात टाकायला लागलो. सकाळी चहा झाला की चाव्या हव्यातच, म्हणून बुटाला हात लागतो, आणि हात लागलाच आहे तर पाय घालून टाकायचा. पहिले पंधरा दिवस फक्त गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन परत यायचं ठरवलं. सात मिनिटं. आमची मंडळी हसली, "एवढ्यानं काय होतंय?" बीपीला खरंच काही झालं नाही. पण छत्री घेऊनसुद्धा ते अंतर होत होतं, आणि मला तेच हवं होतं. आज पाऊण तास चालतो, तरी वाईट दिवसाचं माप अजून देऊळच आहे.

यावर अभ्यासही झालेत. २००२ साली ब्रिटनमधल्या सेरा मिल्न आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी येत्या आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटं दमदार व्यायाम करावा, एवढीच अपेक्षा होती. एका गटाला पटवायला काहीच दिलं नाही, त्यातल्या ३८ टक्के मुलांनी व्यायाम केला. दुसऱ्या गटाला हृदयविकाराबद्दल वाचायला देऊन पटवलं, तिथे ३५ टक्के. तिसऱ्यालाही तेच वाचायला दिलं, पण वर कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे त्यांच्याकडून लिहून घेतलं. तिथे ९१ टक्के. मधल्या गटाकडे नीट बघा. तुमची सुविचारांची वही त्या गटात बसते.

आणि ते 'एकवीस दिवसांत सवय लागते' डोक्यातून काढा. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लॅस्टिक सर्जननं १९६० साली लिहिलं होतं, की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला निदान एकवीस दिवस लागतात. त्यातलं 'निदान' लोकांनी गाळलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना बारा आठवडे तपासलं, तेव्हा सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ पर्यंत फरक (बारा आठवड्यांपुढचे आकडे गणितानं काढलेला अंदाज). एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं.

चुकण्याचंच खरं सांगायला हवं, कारण तुमची गाडी तिथंच रुतते. आमच्याकडे गणपतीची विसर्जन मिरवणूक रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी संपते. एका वर्षी त्या गडबडीत माझे तेरा दिवस बुडाले. मनाला इतकं लागलं की पुढच्या रविवारी सगळी कसर भरून काढायची म्हणून येळ्ळूरपर्यंत चालत गेलो. गुडघा सुजला, आणखी आठ दिवस घरात. मालकाच्या रोजमेळात मागची बाकी पुढे ओढता, ते तिथंच शोभतं. इथे बुडलेला दिवस बुडाला. दुसऱ्या दिवशी देवळापर्यंत जाऊन यायचं, बस्स.

माझा मेव्हणा माळकरी आहे. रविवारी गल्लीत मटणाचा वास सुटतो, पण 'आज खावं की नको' हा प्रश्नच त्याच्यापुढे येत नाही. माळ घातली त्या दिवशी तो एकदाच सुटला. एकादशीही पंचांगात लिहून येते, मूड असो नसो. भक्तीचं तो जाणे, मला हेवा वाटतो तो रोजच्या रोज स्वतःशी वाद घालावा न लागण्याचा.

तर तुमच्यापुरतं बोलू. पाचातली चार कामं यंदा सोडून द्या. पहाटे पाचचं तर नक्कीच, रात्री साडेअकराला जेवणाऱ्या माणसाला पाचला उठायचा सल्ला देणाऱ्याचं स्वतःचं जेवण बहुधा सातला होत असावं. फक्त खर्च धरा, कारण तिथे तुमचा हात आधीच बसलेला आहे. शंभर पानी छोटी वही घ्या आणि मालकाच्या रोजमेळावर, वरच्या बाजूला, रबरानं बांधून ठेवा. संध्याकाळी रोजमेळ उघडायचा तर आधी रबर काढावं लागेल. त्याच पेनानं एक ओळ, दिवसाचा एकूण खर्च. चहा किती, पेट्रोल किती असली फोड दोन महिने करू नका. रविवारी वखार बंद, म्हणून रविवारी सुट्टी. घरी कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहीत असालच, त्याच चौकोनात एक टिंब द्या, म्हणजे आईलाही दिसेल. आईनं विचारलेलं सुविचारापेक्षा जास्त लागतं.

चालण्याचं पुढच्या वर्षी बघू.

मेस्त्री गेला, तो कॅन अजून आहे. नवीन पोरं आली की तो काढून खाली ठेवतात, मी पुन्हा दांड्याला अडकवतो. खंडेनवमीला मशीनला हार घालतो तेव्हा त्यालाही झेंडूचं एक फूल लावतो, पोरं हसतात.

वहीचं काय झालं ते कळवा. पण पहिल्या आठवड्याचं नको, मालकाच्या घरी लग्न निघेल तेव्हाचं सांगा.